आरूसाठी भरलेला खड्डा

"हे कशानं भाजलं?"

डॉक्टर मॅडमनी दुसऱ्यांदा विचारलं. टेबलाजवळ आम्ही चौघं उभे होतो. मिलचे मॅनेजर पटले साहेब, शेठचा ड्रायव्हर, मी, आणि लेकराची आई वनिता. आम्ही तिघा पुरुषांनी वनिताकडं पाहिलं.

"राखेनं," पटले साहेब म्हणाले. "मिलच्या मागं भुशाच्या राखेचा ढीग आहे, मॅडम. लेकरू रांगत तिकडं गेलं. माय कामात होती."

"मी तिले ढोलीत ठेवलं होतं," वनिता म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "ठेवलं होतं ना जी, ऑपरेटर भाऊ?"

मी म्हणालो, "मी बॉयलरवर होतो."

ते खरंच होतं. तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला ठाऊक होतं आणि ते मी दिलं नाही. या गोष्टीला आठ वर्षं झाली. आज सगळं क्रमानं लिहितो.

मी राईस मिलमध्ये बॉयलर अटेंडंट आहे. सगळे ऑपरेटर म्हणतात. आमची मिल मोहाडीहून तुमसरकडं जाणाऱ्या रस्त्यावर होती. उसना तांदूळ निघायचा. उसना म्हणजे धान आधी भिजवायचं, मग वाफ द्यायची, मग वाळवायचं, आणि नंतर भरडायचं. वाफ बॉयलर देतो. बॉयलरमध्ये कोळसा नाही, भुसा जळतो. भुसा म्हणजे धानाचं वरचं टरफल. मिलमध्ये तो फुकटचाच असतो. जळून त्याची राख होते. ती लांब दांड्यानं ओढून काढायची, पाणी मारायचं आणि मागं ढिगावर टाकायची.

वाफ दिलेलं धान समोरच्या सिमेंटच्या यार्डात पसरतात. ते सारखं फिरवावं लागतं. त्यासाठी दहा-बारा बाया एका ओळीत पाय घासत चालतात. एक फेरी इकडून, एक तिकडून. धानात नांगरल्यासारख्या रेघा उमटतात. वनिता त्या ओळीत असायची. आंधळगावची सून. बाकीच्या बायांबरोबर ऑटोनं यायची. सासू धानकापणीच्या मजुरीला जायची म्हणून लेकरू कमरेवर घेऊन यायची. आरू नाव. आली तेव्हा आठ महिन्यांची होती, नुकती रांगायला लागलेली. एक पाय दुमडून दुसऱ्यानं ढकलत सरकायची, आणि सरकायची ती भलती जोरात.

पहिल्या दिवशी वनितानं तिला यार्डाच्या कडेला पोत्यावर बसवलं. पंधरा मिनिटांत ती धानात. धानाला कुसळ असतं, टोकदार. गालाला लागलं, रडली. दुसऱ्या दिवशी मागं येणाऱ्या ट्रकच्या चाकापासून चार हातांवर सापडली. ड्रायव्हर उतरून वनितावर ओरडला, "लेकरू सांभाळता येत नाई तं कायले आणता वो?" तिनं जुन्या लुगड्याची पट्टी काढली आणि आरूला कमरेनं कडुनिंबाला बांधलं.

ते माझ्यानं पाहवलं नाही. बॉयलरवाल्या माणसाला एक सवय असते. तो कुठंही गेला की आधी काय फुटू शकतं ते पाहतो. मी जागा पाहिली. कडुनिंबाखाली सावली आणि ऊन दोन्ही होतं, ट्रकचा रस्ता नव्हता. फक्त कुंपण हवं होतं. घरी आमची जुनी ढोली पडली होती. ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची विणलेली मोठी कणगी. आता सगळे पोत्यात भरतात, ढोलीला कुणी विचारत नाही. मी ती कमरेइतकी कापली, काठाला बारदाना शिवला आणि मिलमध्ये आणली.

शेठ गेटवरच भेटले.

"हे काय, ऑपरेटर?"

"लेकरासाठी आणली, शेठ."

"मी मिल चालवून राहिलो का अंगणवाडी?" म्हणाले आणि हसले. पण थांबवलं नाही.

ढोली झकास जमली. खाली दोन पदर बारदाना. आरूला खेळायला पोत्याच्या शिलाई मशीनची रिकामी रिळं, एक पत्र्याचं माप, चाळणीची तुटकी जाळी. जाळीची टोकं मी घासून बोथट केली होती. तोंडात जाईल असं काही ठेवलं नाही. रीळ आपटायची, विणीच्या फटीतून बाहेर ढकलायची आणि पुन्हा मागायची. रस्त्यावरून बकऱ्या गेल्या की उभी राहून काठ धरून ओरडायची. बाया पाय घासत जाताना हाका मारायच्या, "काय वो आरूबाई, मिल बरोबर चालून राहिली ना?" इन्चार्ज म्हणत तिला.

चूक इथून सुरू झाली.

दहावा महिना लागला आणि ढोली तिला पुरेना. काठाला धरून उभी राहायची आणि बाहेर बघून रडायची. माझा चहा अकराला. मी तिला उचलून बाहेर काढायला लागलो. कडुनिंबाखाली पोतं टाकायचं, मी समोर बसायचो, ती रांगायची. माझ्या बुटापर्यंत यायची, लेस ओढायची, परत जायची. पंधरा मिनिटं. खरं सांगतो, दिवसातली तीच पंधरा मिनिटं मला आवडायची.

वनितानं एकदा पाहिलं. "भाऊ, बाहेर काढू नका जी तिले," ती म्हणाली. "सवय लागन. मग ढोलीत राहात नाई, आन् माझं काम होत नाई."

मी "बरं" म्हणालो. आणि मग तिची पाठ असेल तेव्हा काढू लागलो.

कडुनिंबापासून दहा हातांवर एक खड्डा होता. धान भिजवायच्या टाकीचा पाइप तिथं गळायचा, पाणी साचायचं. गुडघाभर खोल असेल. आरू बाहेर असली की माझं अर्धं लक्ष त्या खड्ड्यावर. रांगतं लेकरू वीतभर पाण्यातही बुडतं, एवढं मला कळत होतं. एका शनिवारी मी पाइप बदलला, पाणी उपसलं आणि खड्डा भरायचं ठरवलं. मुरूम मागवावा लागला असता. राख मागं पडलेलीच होती. आमच्याकडं अंगण भरायला, बांधीत म्हणजे धानाच्या शेतात टाकायला, भांडी घासायला, सगळ्याला मिलचीच राख नेतात. मऊ असते, लेकराच्या गुडघ्याला टोचणार नाही. सहा-सात हातगाड्या आणल्या आणि भरला.

आता थोडं कामाचं सांगतो. भुशाची राख बाहेरून विझते, आतून विझत नाही. पाणी मारलं की वर पापुद्रा धरतो आणि पाणी वरूनच वाहून जातं. आत विस्तव दोन-दोन, तीन-तीन दिवस जिवंत राहतो. धूर नाही, वास नाही. म्हणून नियम असा की राख पसरून, उलटीपालटी करून तीन दिवस थंड करायची आणि मगच उचलायची. हा नियम मला पाठ होता. नव्या माणसांना मीच शिकवायचो.

त्या शनिवारी मी ढिगाच्या ज्या बाजूची राख घेतली ती जुनी आहे असं समजलो. रात्रपाळीवाल्यानं आदल्या दिवशीची तिथंच ओतली होती. मी विचारलं नाही. वरून पाइपनं पाणी मारलं, पायानं दाबलं, हात ठेवून पाहिला. थंड. मी खूश झालो. कडुनिंबाखाली आता आरूला धोका म्हणावा असं काही उरलं नाही, असं मला वाटलं.

सोमवारी अकराला वनितानं आरूला दूध पाजलं, ढोलीत ठेवलं आणि यार्डात गेली. धानाचा एक ट्रक आला आणि यार्ड आणि कडुनिंबाच्या मध्ये उभा राहिला, बायांना इकडचं दिसेना. मी चहा घेऊन आलो. आरू काठ धरून उभी होती. मला पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. मी उचललं, पोत्यावर ठेवलं.

तेवढ्यात फीड पंपाचा आवाज बदलला. फीड पंप बॉयलरला पाणी देतो. तो हवा ओढायला लागला की बॉयलरमधलं पाणी उतरतं, आणि ते कमी झालं की काय होतं ते सांगायला नको. मला जावंच लागत होतं. आरूला उचलून ढोलीत ठेवायला पाच सेकंद लागले असते. मी ठेवलं नाही. ती हसत होती, ढोलीत टाकलं की रडली असती आणि वनिताला कळलं असतं. खड्डा भरलेला आहे, ट्रक उभा आहे, दोन मिनिटांत काय होतं? पळत गेलो. व्हॉल्व्ह फिरवला, काचेत पाणी वर चढताना पाहिलं.

मग तिचा आवाज आला.

ती खड्ड्याच्या मधोमध होती. दोन्ही हात पापुद्र्यातून आत गेले होते. मी ओढून काढलं आणि जवळचं पाणी म्हणून बॉयलरमागच्या टाकीकडं पळालो. हात पाण्यात धरले. तिथून चार पावलांवर राखेचा मोठा ढीग. वनिता आणि बाया धावत आल्या त्या तिथंच. पटले साहेबही तिथंच आले.

"ढिगाकडं गेली होती काय?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "हो."

बस, एवढंच. मी काही रचलं नाही. त्यांनी एक चुकीचा प्रश्न विचारला आणि मी त्याला हो म्हणालो. त्या क्षणी मनात लेकरू नव्हतं, हेही लिहितो. माझं सर्टिफिकेट होतं. बॉयलर अटेंडंटनं गरम राख लेकराच्या खेळायच्या जागी भरली हे कळलं असतं, तर मला कुणी बॉयलरजवळ उभं केलं नसतं.

दवाखान्यातून आरूला पुढं नागपूरला नेलं. शेठनं गाडी दिली. मी मिलमध्ये परतलो आणि खड्ड्यात फावडं घातलं. वाफ आली. दीड वीत खाली लाल होतं. पाणी ओतत, खणत, अर्धा दिवस लागला. मग वरून मुरूम टाकला. कुणी विचारलं नाही. ढोली मी फोडून भट्टीत घातली. दुसऱ्या दिवशी गेटवर पाटी लागली, लहान मुलांना आवारात आणू नये. लेकरं असलेल्या तीन बायांचं काम गेलं.

आरू वाचली. डावा हात चांगला झाला. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं वाकून चिकटली ती चिकटलीच. वनिता पुन्हा मिलमध्ये आली नाही. बाया यार्डात पाय घासत बोलायच्या, ते बॉयलरपर्यंत ऐकू यायचं. "दूध पाजलं आन् लेकरू भाईरच ठेवलं म्हणते." "गप्पा मारत असन." "सासू तं रोज बोल लावते म्हणे तिले." "अन् ढिगापर्यंत गेलं लेकरू, एवढ्या लांब, तरी मायले पत्ता नाई?" मी भट्टीत भुसा ढकलत राहायचो. एकदा मोहाडीच्या बाजारात ती समोरून येताना दिसली, लेकीला कडेवर घेऊन. लेक चालायच्या वयाची होती. मी वांग्यांच्या ढिगाआडून दुसऱ्या गल्लीत शिरलो.

यंदा मी तुमसरजवळच्या दुसऱ्या मिलमध्ये लागलो. तिथल्या मॅनेजरनं सांगितलं, तुम्ही जुने आहात, कामगारांना सेफ्टीबद्दल दोन शब्द बोला. मी राखेबद्दल बोललो. वरून थंड, आतून जिवंत, सगळं. बोलून झाल्यावर एक बाई म्हणाली, "खरी गोष्ट आहे जी. आमच्या आंधळगावात एका पोट्टीचा हात असाच गेला. माय बेफिकीर होती तिची."

तिनं सहज म्हटलं होतं. पण आठ वर्षांनी, मिल सोडून, वीस माणसांपुढं, माझ्याच भाषणाला उदाहरण म्हणून ते आलं. मी त्याच रविवारी आंधळगावला गेलो.

वनिता अंगणात सूप घेऊन डाळ पाखडत होती. मला ओळखायला तिला जरा वेळ लागला.

"ऑपरेटर भाऊ? या जी, या. आरू, पाणी आण माय."

आरू आली. नऊ वर्षांची, दोन वेण्या. गडवा दोन्ही हातांनी धरला होता. समोरच्या रस्त्यावर पोरी लंगडी खेळत होत्या. ही फाटकाच्या आत उभी राहून बघत होती.

"तू नाही खेळत?" मी विचारलं.

"आई जाऊ देत नाई."

वनिता म्हणाली, "माझ्या नजरेसमोर असली म्हणजे बरं असते."

मी बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा बोललो नसतो. उभ्यानंच सांगितलं. खड्डा, राख, शनिवार, चहा, पंप. सूप तिच्या मांडीवर तसंच राहिलं. मी संपवल्यावर तिनं एकच विचारलं.

"मी तिले आत ठेवलं होतं?"

"हो."

"पक्कं?"

"पक्कं. तू पदरानं तिचं नाक पुसलं, आत ठेवलं, अन् गेली. मी चहा आणायला जाताना पाहिलं."

तिनं डाळीतला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग बोलली ती माझ्याशी बोलल्यासारखी नव्हती.

"मी रोज आठवत होती. ठेवलं का भाईर ठेवलं. आत ठेवलं असं दिसे, मग वाटे, मी आपल्या मनानंच म्हणून राहिली. सगळे म्हणत तं तेच खरं असन." थांबली. "दुसरं लेकरू होऊ देलं नाई मी. आमच्या घरचे म्हणत, सासू म्हणे. मी म्हणो, माझ्या हातून लेकरू राहात नाई."

मी म्हणालो, "माझी चूक झाली, वनिता."

"ते झालं तुमचं," ती म्हणाली. सूप खाली ठेवलं, उठली आणि घरात हाक मारली. "सासूबाई, भाईर या. हे काय म्हणून राहिले, आयका."

म्हातारी आली. वनिता मला म्हणाली, "सांगा. मले सांगतलं तसंच सांगा. खड्ड्यापासून."

मी सांगितलं. म्हातारीनं ऐकलं. मग म्हणाली, "आता सांगून काय फायदा बापू?"

"तुमाले नसन फायदा," वनिता म्हणाली. तिनं चपला घातल्या. "चला, भाऊ."

"कुठं?"

"शेजारणीकडं. तिथून तिच्या जावेकडं. मंग दुकानवाल्याकडं, तो लय बोलत होता. माझी माय जिवंत असती तं तिच्याकडंही नेलं असतं तुमाले."

मी चाललो. ती पुढं, मी मागं, आणि माझ्या मागं आरू. प्रत्येक दारात ती म्हणायची, "आयका जी, हे मिलचे ऑपरेटर होय," आणि बाजूला व्हायची. मी सांगायचो. चौथ्या घरी मी थोडं आवरतं घेतलं, खड्ड्यावरून थेट पंपावर आलो. तिनं अडवलं. "ते राहिलं. मी काढू नका म्हटलं होतं, तरी तुम्ही काढलं, ते सांगा." सांगितलं. दुकानदार म्हणाला, "अरे बाप रे. आम्ही तं उगीच..." आणि गिऱ्हाईकाकडं वळला. एका म्हातारीनं मला शिवी दिली. ती योग्य होती.

सात घरं झाली. दुपार झाली. वनिता म्हणाली, "आता जा. आमच्या घरचे कामावर हाये, आज येत नाई. पुढच्या आइतवारी या. अजून घरं हायेत."

तिनं मला माफ केलं असं काही झालं नाही. मी विचारलंही नाही.

मी पुढच्या रविवारी गेलो, आणि त्याच्या पुढच्याही. तिचा नवरा सगळं ऐकून उठून बाहेर गेला आणि मी निघेपर्यंत परतला नाही. जुन्या मिलमध्येही जाऊन लिहून दिलं. पटले साहेब म्हणाले, "आता कायले उकरून राहिलास?" पण कागद ठेवून घेतला. माझं सर्टिफिकेट अजून आहे. ते कुणी मागितलं नाही.

तिसऱ्या रविवारी यादी संपली असं मला वाटलं. मी वनिताला विचारलं, आणखी कुणी राहिलं का?

"सासरे," ती म्हणाली. "तेच एक माझ्याकडून बोलत. नंतर नंतर तेही बोलत नव्हते. तीन वर्षं झाले त्यांना जाऊन."

मी फाटकाबाहेर आलो.

अपघात झाला की तो कसा झाला हे त्याच दिवशी कळवावं, असं प्रत्येक मिलच्या भिंतीवरच्या नियमांत लिहिलेलं असतं. का, ते लिहिलेलं नसतं.